न सुकणारे तोरण

एका राज्यात वसंत आला की लोक दारे लावून घेत.

इतर मुलुखांत फाल्गुन सरला की माणसे अंगणात येतात, मोहराचा वास घेतात, कोकिळेला चिडवतात. या राज्यात मात्र झाडांना पालवी फुटली की आया पोरांच्या कमरेला दगड बांधत. म्हातारी माणसे खांबाला धरून बसत. भर दुपारी वारा सुटला की नगरातला एकूण एक दरवाजा धडाधड बंद होई आणि आतल्यांचे कान रस्त्याकडे लागत. रस्त्यावरून काहीतरी खसखसत जाई. ते वाळके पान असे, किंवा शेजारचे कुणी असे. दार उघडून बघण्याची कुणाची छाती नव्हती.

कारण त्या राज्यात माणसे वाळत होती. आधी डोळ्यांतले पाणी आटे. मग ओठ, मग तळहात. बोटांची टोके जून पानासारखी तपकिरी होऊन आत वळत. बोलू लागले की आवाज पाचोळ्यासारखा येई. मग एखाद्या दुपारी वावटळ येई, माणूस उंबऱ्यातून उचलला जाई आणि वर आभाळात गरगरताना पाहणाऱ्याला दिसे की आता ते माणूस राहिलेले नाही, नुसते पान आहे.

राजा वीरकेतू असाच गेला. भर मिरवणुकीत, हत्तीच्या अंबारीतून. मुकुट तेवढा खाली पडला, तो माहुताने झटकून वाड्यावर आणून दिला.

या सगळ्याचे मूळ राजवाड्याच्या महाद्वारावर लटकत होते. ते तिथे कुणी लावले हे राणी हेमावतीला पुरते ठाऊक होते. तिनेच लावले होते.

त्या राज्याची जुनी रीत अशी होती. चैत्र लागला की घर सजवायचे, पण झाडाचे काही ओरबाडायचे नाही. झाडापाशी जायचे, ओंजळ पुढे करायची, ‘नेते, परत आणीन’ म्हणायचे आणि झाड आपणहून जे टाकील ते घ्यायचे. पाने, फुले, एखादी वाकडी काटकी, सुगरणीने सोडून दिलेले घरटे. पानांचे तोरण करावे, परातीत पाणी घालून त्यावर फुले सोडावीत, घरटे खिडकीत टांगावे. सुकले की उतरवून ज्या त्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवावे. एवढेच. यात सोनाराचे काम नाही की शिंप्याचे नाही, म्हणूनच बहुधा ही रीत गरिबांनीही टिकवली होती.

राजकन्या मृदुला जन्मली ती ऐन चैत्रात. राणीने तिची वाट फार वर्षे पाहिली होती. बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर पडल्याबरोबर तिने स्वतः शिवेवरच्या आंब्याकडे जाऊन पाने आणली, स्वतः ओवली आणि लेकीच्या नावाचे तोरण महाद्वाराला बांधले. काही दिवस गेले. एका पानाचे टोक वळले.

“राणीसाहेब, आता उतरवायला हवं,” दाई भागाई म्हणाली.

राणीच्या काळजात धस्स झाले. लेकीच्या नावाचे तोरण, ते सुकले म्हणजे... पुढचा विचार तिने केलाच नाही. “राहू दे,” ती म्हणाली.

त्याच दुपारी भस्मांग मांत्रिक दाराशी आला. तो पळसाच्या जळक्या टेकडीवर राही. सर्वांगाला राख, केसांना राख, पापण्यांना राख. ओठ मात्र ओले. आत्ताच पाणी पिऊन उठलेल्या माणसाचे असतात तसे.

“सुकू नये असं करून देऊ?” त्याने विचारले.

“दे,” राणी म्हणाली.

“बाळाचा एक केस लागेल.”

तिने दिला. त्याने तो केस तोरणाच्या दोऱ्यात ओवला, पानांवर फुंकर घातली आणि वळलेले टोक सरळ झाले.

“काय घेशील?”

“आज काही नको. मी इथून जात-येत जाईन,” तो म्हणाला आणि हाताच्या पाठीने ओठ पुसून निघून गेला.

तेव्हापासून ते तोरण हिरवेगार राहिले. आणि तेव्हापासून मृदुला रडली नाही. भूक लागली तरी नाही, पडली तरी नाही. काय गुणाची पोर, म्हणून वाड्यात तिचे कौतुक झाले, आणि राणीने ते मान ताठ करून ऐकून घेतले.

आणखी एक नवल होते. रोज सकाळी तोरणाच्या पानांवरून थेंब ओघळत. जाता-येता भस्मांग एखादा ओठांवर झेली, बाकीचे जमिनीला टेकताच मोती होत. राजाला हर्ष मावेना. मोत्यांनी घडे भरले, मग कोठारे भरली, मग वाड्याची तळघरे भरली. हे मोती येतात कुठून, असे विचारणारा माणूस त्या दरबारात नव्हता. असता तर तो दरबारात राहिला नसता.

पहिल्यांदा लक्षात आले ते एका अंत्ययात्रेत. सगळे रडायला बसले आणि कुणालाच रडू येईना. मग माणसे वाळू लागली, मग वारे त्यांना नेऊ लागले, मग राजाही गेला. तेव्हा राणी कोयता घेऊन तोरणापाशी गेली. तोरणाने चौकटीच्या लाकडात मुळे सोडली होती. तिने एका पानावर घाव घातला, आणि आतल्या दालनात मृदुलाच्या बोटातून रक्ताची धार लागली. कोयता राणीच्या हातून गळून पडला. त्या दिवसापासून तिने त्या दाराकडे मान वर करून पाहिले नव्हते.

असाच आणखी एक वसंत आला. मृदुला आता आईच्या खांद्याला लागली होती. एका दुपारी आईच्या मांडीवर हात ठेवून ती म्हणाली, “आई, हे बघ.”

तिच्या करंगळीचे टोक तपकिरी झाले होते.

राणीने ते बोट मुठीत घट्ट धरले. मुठीत ते किंचित कुरकुरले, वाळक्या पानासारखे. एवढे मोठे राज्य, पण त्या क्षणी तिला त्यातले फक्त ते एक बोट दिसत होते. ते मोडेल या भीतीने तिने मूठ सैल केली, आणि पोर जाईल या भीतीने पुन्हा आवळली.

खिडकीतून आवाज आला. टुक्. टुक्. टुक्.

“राणी, ऊठ.”

“कोण बोललं?”

“तांबट. खिडकीत बघ. बस म्हणू नकोस, मला उन्हं कलायच्या आत पुष्कळ ठिकाणी ठोकायचं असतं.” हिरव्या अंगाचा, कपाळावर लाल टिळा असलेला पक्षी गजावर बसला होता. “ज्या आंब्याची पानं तू नेलीस, त्याच्या ढोलीत मी राहतो. झाड अजून वाट बघतं.”

“माझी लेक वाळते आहे.”

“जे सुकत नाही ते दुसऱ्या कुणाची तरी ओल पितं. तुझं तोरण सगळं राज्य प्यायलं, आता जिच्या नावाने बांधलं तिच्याकडे वळलंय.”

“ते तुटत नाही.”

“तुटायचं नाहीच. ते सुकणं विसरलंय, त्याला आठवण करून द्यावी लागेल. आंब्याचं पान, पळसाचं फूल आणि केळीचा दोर आण. तीन झाडांकडून, आपल्या हाताने, न तोडता. साधं तोरण कर आणि त्याच दारावर त्याच्याशेजारी बांध. नवं सुकेल ते जुनं बघेल, आणि तेही सुकेल. मग दोन्ही उतरव आणि ज्याचं त्याला परत दे. पण नव्यावर पाण्याचा एक थेंब पडला, तर जुनं पुन्हा कधीच सुकणार नाही.”

राणीने विचारले, “तिचा केस जुन्या तोरणात आहे. ते सुकलं तर तिचं काय?”

पक्ष्याने चोच गजावर घासली. “ते मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. “झाडं विचारतील तेव्हा खोटं बोलू नकोस. खोटं बोलणाऱ्याला झाड काही करत नाही. नुसतं उभं राहू देतं, आणि वारा येतो.”

टुक् करून तो उडाला.

राणीने भागाईला हाक मारली. भागाई स्वतः निम्मी वाळली होती. तिचे गुडघे वाकले की शेंग फुटल्यासारखा आवाज येई. “हिला धरून बस,” राणी म्हणाली.

“जा तुम्ही. मी भक्कम आहे. मला उचलायचं तर वाऱ्याला दोन खेपा कराव्या लागतील.”

शिवेवरचा आंबा एकटा उभा होता. त्याच्या तळाशी वाळक्या पानांचा ढीग होता, माणसाच्या कमरेइतका. वारा पडलेला होता. तरीही ढीग हलत होता.

राणी जवळ गेली तशी ती पाने कुजबुजू लागली. कुणी नातवाचे नाव घेत होते, कुणी म्हशीला पाणी पाजले का विचारत होते. वाऱ्याने नेलेली सगळी माणसे तिथे येऊन पडली होती. आणि त्या कुजबुजीतून तिला ओळखीचा आवाज आला.

“हेमा,” राजा म्हणाला. “ये. इथे तहान लागत नाही. मुलीलाही घेऊन ये.”

तिचे पाय आपोआप पुढे सरले. पाने घोट्यापर्यंत आली, पोटऱ्यांपर्यंत आली. ती उबदार होती. हीच गोष्ट तिला सर्वांत भयंकर वाटली, की ती उबदार होती आणि तिला तिथे बसावेसे वाटत होते. मग तिला आपल्या मुठीतले ते बोट आठवले. तिने ओंजळ पुढे केली आणि म्हटले, “नेते, परत आणीन.”

आंबा बोलला. झाडाचा आवाज जमिनीतून येतो, तो आधी टाचांना कळतो. “केव्हा?”

“सुकल्यावर.”

“मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस.”

दूर माळावर धुळीचा एक खांब उठला आणि तिच्या दिशेने चालू लागला. राणीला पुष्कळ कारणे सुचली. बाळंतपण होते, राजाची इच्छा होती, मांत्रिकाने फसवले. खांब जवळ येत होता. तिचे केस वर उठले.

“म्हणाले होते,” ती म्हणाली. “आणि आणलं नाही. मला भीती वाटली, म्हणून नाही आणलं.”

“आता?”

“आता जास्त वाटते.”

धुळीचा खांब जागच्या जागी विरला. वरून एकेक करून पाने तिच्या ओंजळीत पडली, कोवळी, तांबूस. तिने ती पदरात बांधली आणि मागे राजा हाका मारत असताना ती तिथून निघाली.

पळसाच्या टेकडीवर पान नव्हते, सावली नव्हती. काळ्या फांद्यांवर नुसती केशरी फुले पेटली होती आणि टेकडीभर राख पसरली होती. झाडाशी टेकून भस्मांग बसला होता. डोळे मिटलेले, ओठ ओले. राणीने त्याच्याकडे न बघता ओंजळ पुढे केली.

“नेते, परत आणीन.”

“मी टाकीन तोवर थांबशील?” पळसाने विचारले.

“थांबेन.”

झाडाने एकही फूल टाकले नाही. फुले जवळ होती, हात उंचावला असता तर मिळाली असती. ऊन डोक्यावर आले. मग टेकडीच्या पायथ्याकडून मृदुलाचा आवाज आला.

“आई, लवकर ये गं. भागाई उडून गेली. मला धरायला कुणी नाही.”

राणी पायथ्याकडे वळली.

“आई, वारा आला. तोड ना एक फूल, तोड आणि ये.” आणि पोर हुंदके देऊ लागली. असे रडू लागली की दगडाला पाझर फुटावा. राणीचा हात फांदीपर्यंत गेला. बोटांना फुलाची लव लागली.

मग तो हात थांबला. मृदुला रडत नाही. तो केस दिल्यापासून ती कधी रडली नव्हती. ज्याचे इतकी वर्षे कौतुक ऐकले, ते आज तिच्या अंगावर धावून आले, आणि टेकडीवर उभी राहून ती आई मनात म्हणाली, माझी पोर मला हाकसुद्धा अशी मारू शकत नाही.

तिने हात खाली घेतला आणि पाठीमागे पदराने बांधून टाकला. रडणे वाढले, किंचाळीपर्यंत गेले आणि तुटले. ते खोटे होते हे ती जाणत होती, आणि ते खरे असले तर काय, हेही तिच्या मनातून जात नव्हते. बऱ्याच वेळाने केशरी फुले टपटप तिच्या पायाशी पडली.

भस्मांगाने डोळे उघडले. “तुझी लेक मी हिरवी ठेवली, राणी. कधी ताप आला तिला?”

“नाही.”

“कधी रडली?”

राणी खाली वाकली. ती फुले वेचून उतरली. तिच्या मागे राखेवर कुणाची तरी पावले वाजत राहिली.

तिसरे झाड केळ. नदीकाठच्या वाडीत पाणी नव्हते, नदीच नव्हती, वाळू होती. एक केळ घड देऊन मोकळी झालेली, कलंडून उभी होती. तिच्या बुडाशी हातभर उंचीचे कोंब आले होते.

“सोपट हवं ना, दोरासाठी?” केळीने विचारले. “ने. मी तर चाललेच. घाबरलीस?”

“हो.”

“मीही घाबरले होते. मग हे पोर वर यायला लागलं आणि त्याच्याकडेच बघत राहिले.” केळीने अंगावरचे एक सोपट, खोडाच्या सालीची लांब पट्टी, आपणहून सोडले. ते अजून ओलसर, मऊ होते. राणीने ते उचलून खांद्यावर टाकले.

वाड्यात परतून तिने उंबऱ्यात बसून तोरण केले. मृदुलाचे पंजे आता मनगटापर्यंत वाळले होते, तरी ती भागाईला टेकून आईजवळ येऊन बसली. राणीने सोपटाच्या पट्ट्या सोडवल्या, एकीला एक जोडून दोर केला, आंब्याचे पान दुमडून देठानेच टाचले आणि दोन पानांमध्ये पळसाचे फूल लावले. इतक्या वर्षांत तिने तोरण केले नव्हते. पाने पुढे-मागे झाली, एक फूल उलटे बसले.

“आई, वाकडं झालंय,” मृदुला म्हणाली. आवाज पाचोळ्यासारखा होता.

“असू दे.”

“छान आहे तसं. वाकडंच छान आहे.”

राणीने ते जुन्या तोरणाशेजारी बांधले. जुने गर्द हिरवे, एकसारखे, तेजाने चकाकणारे. नवे त्याच्यापुढे गरीब घरच्या पाहुणीसारखे दिसत होते.

मग वाट पाहणे आले, आणि वाट पाहण्याइतके भयंकर काही नसते. पहिल्यांदा पळसाची फुले काळवंडली. मग पानांची टोके वळली. एका सकाळी राणीने पाहिले की जुन्या तोरणाच्या एका पानाची कड पिवळी पडली आहे. त्या दिवशी दाराशी मोती पडले नाहीत. आनंदाने ती आत धावली, आणि दालनाच्या दारातच थबकली. मृदुलाचे दोन्ही हात कोपरापर्यंत तपकिरी झाले होते.

जसजसे तोरण सुकत गेले, तसतशी पोर सुकत गेली. खांदे आत वळले. गालांवर शिरा उमटल्या, पानावर असतात तशा. कुशीवर वळली की अंथरुणात खसखस होई. भागाईने तिच्या उशापायथ्याला जात्याच्या तळ्या आणून ठेवल्या आणि पांघरुणाची टोके त्यांखाली दाबली.

“जोडीने जातायत राणीसाहेब, तोरण आणि लेकरू,” भागाई हळूच म्हणाली. “तो पक्षी खरा होता ना?”

राणीला ते माहीत नव्हते. तिला एवढेच माहीत होते की दारावरचे शेवटचे पान सुकले की तिच्या लेकीचेही शेवटचे पान सुकेल, आणि ते थांबवणे तिच्या हातात होते. एक थेंब पुरे होता.

महाद्वारासमोर भस्मांग येऊन बसला होता. मोती पडायचे थांबल्यापासून त्याचे ओठ कोरडे पडले होते आणि त्यांना चिरा गेल्या होत्या. “एक थेंब,” तो घोगऱ्या आवाजात म्हणे. “एकच थेंब शिंपड. संध्याकाळपर्यंत पोर अंगणात खेळेल.”

एका दुपारी राणी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. मृदुलाला घोटभर पाणी पाजायला ती निघाली होती, पण मृदुलाच उठून दारापाशी आली होती. भिंतीला धरून, सरपटत. ती वर तोरणाकडे बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “त्याला पाणी घाल ना. बघ कसं झालंय ते.”

राणीचा हात उचलला गेला. तांब्यातले पाणी हिंदकळले. भस्मांग उभा राहिला, त्याने कोरडे ओठ उघडले. एक शेवटचे पान तेवढे अजून देठाशी हिरवे होते, आणि मृदुलाच्या गळ्याशी टिकलीएवढी त्वचा अजून माणसाची होती.

मी हे बांधले तेव्हाही हाच हात होता, असे राणीच्या मनात आले. तेव्हाही प्रेमच होते. आणि त्या प्रेमाने एवढे मोठे राज्य वाळवले.

तिने तांब्या खाली वाकवला आणि पाणी अंगणात, मांत्रिकाच्या पायापुढे ओतून टाकले. तापलेल्या मातीने ते क्षणात पिऊन टाकले. भस्मांग गुडघ्यांवर पडून ओली माती चाटू लागला. वर शेवटचे पान कुरकुरत वळले. मृदुलाच्या गळ्यावरची टिकली मिटली. जुन्या तोरणाची मुळे चौकटीतून सुटली आणि ते आपोआप खाली लोंबले, आता तेही वाळके, करकरीत.

राणीने लेकीला उचलले. वजन नव्हते. तिने ते लेकरू भागाईच्या मांडीवर ठेवले, दोन्ही तोरणे उतरवून पदराखाली घेतली, आणि माळावर वावटळ उठलेली असताना ती वाड्याबाहेर पडली. लेकीला वाऱ्याच्या तोंडी टाकून जावे लागते, यापेक्षा आईला मोठी शिक्षा नाही. ती रडली असती, पण तिच्या डोळ्यांतही पाणी नव्हते.

केळीचे सोपट केळीपाशी गेले, पळसाची फुले पळसापाशी. शेवटी जुनी आणि नवी पाने घेऊन ती शिवेवरच्या आंब्याखाली आली आणि बुंध्याशी ती ठेवून म्हणाली, “परत आणलं.”

काही झाले नाही. ढीग कुजबुजत होता. वावटळ नगराच्या अंगावर पोचलेली तिला दिसत होती. तिने आंब्याच्या खोडाला कपाळ टेकले. “उशिरा आणलं,” ती म्हणाली. “पण आणलं.”

वर ढोलीत आवाज झाला. टुक्.

आणि नगराकडून पाण्याचा आवाज आला. तळघरांतले मोती विरघळले होते. ज्यांचे ज्यांचे अश्रू त्यांत कोंडले होते ते सगळे एकदम मोकळे झाले, दारे फोडून बाहेर पडले, रस्त्यांवरून वाहिले, वावटळीला जमिनीवर आपटून चिखल करून गेले. महाद्वारासमोर माती चाटणारा भस्मांग त्या लोंढ्यात आला आणि नुसती राख होऊन वाहून गेला. पाणी शिवेपर्यंत पोचले, ढिगात शिरले, आणि पाने उठून बसली. माणसे डोळे चोळत होती, शिंकत होती, एकमेकांच्या अंगावरून हात फिरवत होती. राजा वीरकेतूने आधी डोके चाचपले, मुकुट नाही हे पाहिले आणि मग राणीला ओळखले. ती त्याच्यापाशी थांबली नाही. गुडघाभर पाण्यातून ती वाड्याकडे पळत सुटली.

अर्ध्या वाटेवर तिला एक आवाज ऐकू आला. तो तिने पूर्वी फक्त काही दिवस ऐकला होता, तान्ह्या बाळाच्या तोंडून.

मृदुला महाद्वाराच्या ओल्या पायरीवर बसली होती. पाण्यात पाय घसरून तिचा गुडघा फुटला होता. हात मऊ, ओलसर, चिखलाने भरलेले. ती भोकाड पसरून रडत होती आणि भागाई तिच्याकडे कौतुकाने बघत बसली होती.

“आई, लागलं,” ती हुंदके देत म्हणाली. “खूप लागलं.”

राणी तिच्याशेजारी पायरीवर बसली. गप्प हो, असे ती म्हणाली नाही. तिने लेकीला जवळ ओढले आणि दोघी पोट भरून रडल्या.

राजा परत गादीवर बसला, नदीला पाणी आले, पोरांच्या कमरेचे दगड सुटले. पुढच्या चैत्रात नगराची दारे उघडी होती. कुणाच्या खिडकीत सुगरणीचे घरटे, कुणाच्या परातीत पाण्यावर चाफा, कुणाच्या दारी नुसती दोन पाने. मोती कुणाकडेच नव्हते. राजवाड्याच्या महाद्वारावर मृदुलाने स्वतः केलेले तोरण होते आणि तेही वाकडे होते.

काही दिवसांनी त्यातल्या एका पानाचे टोक वळले. राणीच्या काळजात धस्स झाले. ते दर वर्षी व्हायचे होते, ते काही जाणार नव्हते. मृदुला आतून चौरंग घेऊन आली आणि दाराखाली ठेवून बाजूला उभी राहिली. राणीने तिचा हात धरला, चौरंगावर चढली आणि तोरण उतरवले.

त्यांच्या दारी जसा चैत्र आला, तसा तो ऐकणाऱ्यांच्या दारी येवो, सुखाने राहो, आणि वेळेवर जावो.